हात पाठीमागे ठेवून सुतारकाम शिकवण्याची कृती

ही कृती दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. तिचं सर्वांत कडक पथ्य मात्र शिकवणाऱ्याला पाळायचं आहे. मुलाच्या हातातल्या लाकडाला शिकवणाऱ्याने आपलं हत्यार लावायचं नाही. शेवटचा हात फिरवायला नाही, ‘बघ, असं’ म्हणून दाखवायलाही नाही. हे पाळणं जमणार नसेल, तर पुढचं सगळं वाचूनही हाती फारसं लागणार नाही.

पद्धत जुनी आहे. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गजवळ नॅस नावाची जमीनदारी आहे. ऑगस्ट आब्राहामसन या व्यापाऱ्याने ती १८६८ साली विकत घेतली. त्याचा भाचा ओटो सालोमन याने तिथे आधी मुलांसाठी आणि मग शिक्षकांसाठी हस्तकामाची शाळा काढली. शेजारच्या फिनलंडमध्ये उनो सिग्नेयसने हस्तकाम लोकशाळांच्या अभ्यासक्रमात आणलं होतं आणि १८६६ पासून ग्रामीण शाळांतल्या मुलांना ते सक्तीचं होतं. सालोमनने त्याच्याकडून कल्पना घेतली आणि तिला पायऱ्या पाडल्या. या शिक्षणाला ‘स्लॉइड’ म्हणतात. काही आठवड्यांच्या वर्गासाठी देशोदेशीचे शिक्षक नॅसला येत, त्यात स्त्रियाही पुष्कळ असत. सालोमन १९०७ साली वारला, तोवर ही पद्धत युरोप-अमेरिकेतल्या शाळांत पसरली होती. बॉस्टनमध्ये १८८८ साली पोचलेल्या गुस्ताफ लार्सनने पॉलीन अगासी शॉ या बाईंच्या आधाराने तिची अमेरिकी आवृत्ती उभी केली. रवींद्रनाथांच्या संस्थेतले शिक्षक लक्ष्मीश्वर सिन्हा १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे शिकायला थेट स्वीडनला गेले होते.

सालोमनचा एक आग्रह इथेच सांगून ठेवतो. वर्ग सुताराने नव्हे, शिक्षकाने घ्यावा असं त्याचं म्हणणं होतं. यात सुतारांना कमी लेखण्याचा भाग नाही. चांगल्या मिस्त्रीला वाकडी कड बघवत नाही. तो मुलाच्या हातून तुकडा घेतो, दोन घावांत सरळ करतो आणि परत देतो. तुकडा सुधारतो आणि मूल होतं तिथेच राहतं. मिस्त्रीला वर्गावर जरूर बोलवा, धार लावायला आणि लाकूड निवडायला त्याच्यासारखा गुरू नाही. पण काम सुरू झालं की त्याच्या हातात चहाचा कप द्या.

शिकवणाऱ्याची तयारी

इथे सहा वस्तू दिल्या आहेत. त्या आधी स्वतः करा, मुलांना मिळणार आहेत त्याच हत्यारांनी. नॅसला शिकायला आलेला प्रत्येक शिक्षक मालिकेतल्या वस्तू स्वतःच्या हाताने घडवत असे आणि तो दंडक योग्यच होता. करताना हात कुठे अडला, कुठे लाकूड उलटं निघालं, कुठे घाई झाली हे टिपून ठेवा. मुलं नेमकी तिथेच अडतात. आपल्या सहाही वस्तू नमुना म्हणून वर्गात ठेवायच्या आहेत, तेव्हा त्या बऱ्या झालेल्या असाव्यात. फार देखण्या नकोत. दुकानातल्यासारखा नमुना बघितला की मूल पहिल्याच दिवशी हरतं.

एका वेळी सहा मुलं घ्या, फार तर आठ. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास. मुलगे आणि मुली एकत्र.

लाकूड

नॅसला बर्च आणि पाइन हाताशी होतं. आपल्याकडे चाकूच्या कामाला शिवण उत्तम: मऊ, सारखं आणि चिरफळ्या न होणारं. सावंतवाडीच्या खेळण्यांना लागणारा पांगारा त्याहून मऊ असतो, पण त्याची धारदार कड टिकत नाही. शहरात सोपी गोष्ट म्हणजे पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन. मात्र पॅलेटवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड नुसतं तापवलेलं आहे, ते चालेल. ‘एमबी’ असेल तर त्यावर विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे, ते मुलांच्या हातात देऊ नका. साग पहिल्या वस्तूंना नको. महाग आहे म्हणून नव्हे, त्याने चाकूची धार लवकर मरते म्हणून. प्लायवूड तर कुठेच नको. त्याला धड रेषा नसते आणि रेषा ओळखणं हाच पहिल्या महिन्याचा अभ्यास आहे.

वखारीतून पट्ट्या कापून आणा. पुढे दिलेल्या मापांना प्रत्येकी दोन मुलांमागे तीन तुकडे या हिशेबाने. वाया जाणारच.

हत्यारं

प्रत्येकाला एक चाकू. बाकीची हत्यारं दोघातिघांत एक: बारीक दात्यांची छोटी करवत, लहान लोखंडी रंधा, गुण्या, मार्किंग गेज, १२ मिलिमीटरची पटाशी, मोगरी, गिरमिट, एक अर्धगोल मरफा आणि एक कानस. शिवाय पोलादी पट्टी, टोकदार पेन्सिली, तेलाचा दगड आणि जुना चामडी पट्टा.

चाकू स्थिर मुठीचा हवा. घडी घालायचा नको, कारण तो हातात मिटतो. पातं आठ-दहा सेंटिमीटर लांब, सरळ धारेचं. लोहाराकडून करून घेतलात तरी चालेल. स्टेशनरीच्या दुकानातला सरकत्या पात्याचा कटर मात्र कटाक्षाने टाळा. त्याचं पातं लवचिक असतं आणि लाकडात अडकलं की तुटून उडतं.

चाकूच पहिला का, यावर त्या काळात बराच वाद झाला. मुलाच्या हाती चाकू देण्यापेक्षा रंधा-करवतीपासून सुरुवात करा असं अनेकांचं मत होतं. सालोमनचं उत्तर साधं होतं. चाकू मुलाला घरून माहीत असतो आणि या एका हत्याराने पुष्कळ प्रकारची कामं होतात. मला त्यात आणखी एक कारण दिसतं. रंधा आणि करवत काही प्रमाणात मुलाच्या वतीने विचार करतात, रंध्याचा तळच सपाट असतो. चाकूला स्वतःचं मत नसतं. तो हात नेईल तिकडे जातो, म्हणून हात कुठे जातोय हे मुलाला पहिल्या तासाला कळतं.

धार

वर्गाआधी चाकूंना धार लावा आणि दुसऱ्या आठवड्यापासून मुलांना लावायला शिकवा. दगडावर तेलाचे चार थेंब टाका. पात्याची उतरती बाजू दगडाला पूर्ण टेकवून मुठीकडून टोकाकडे ओढा, मग दुसरी बाजू. कोन बदलू देऊ नका, एवढंच कौशल्य आहे. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड बोटाला लागली की पातं उलटायचं. शेवटी चामड्यावर धार मागे ठेवून दहा-बारा वेळा फिरवायचं. परीक्षा पाइनच्या आडव्या कापावर घ्या. कापलेली जागा चकचकीत दिसली तर धार आली, पांढुरकी भुसभुशीत दिसली तर नाही. बोथट चाकूला जोर लागतो आणि जोराने निसटलेला चाकूच लागतो, हे पालकांनाही सांगावं लागतं. बहुतेक पालक ‘जरा कमी धारेचा द्या’ अशी विनंती करतात. ती नम्रपणे नाकारा.

जागा आणि उभं राहणं

आपला सुतार जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यांत लाकूड धरून काम करतो. त्या बसण्याला पिढ्यांचा सराव असतो, दहा वर्षांच्या मुलाच्या पटाशीसमोर पाऊल नको. उभ्याने काम करू द्या. हात खाली सोडल्यावर मनगट जिथे येतं, तितक्या उंचीचं जड टेबल रंध्याला योग्य. हलतं टेबल भिंतीला टेकवा. त्याच्या कडेला शिकंजा बसवून घ्या, आणि पृष्ठभागावर एक चार मिलिमीटर जाडीची आडवी पट्टी ठोका. रंधा मारताना तुकडा तिला टेकतो.

सालोमनने शरीराच्या ठेवणीवर फार लक्ष दिलं होतं. करवत, रंधा चालवताना पावलं कुठे, पाठ कशी, याची चित्रं वर्गात लावलेली असत. डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी आळीपाळीने काम करायला तो लावत असे, शरीराची एकच बाजू वाढू नये म्हणून. रंधा आणि करवतीपुरतं हे मला पटतं. चाकूच्या बाबतीत नाही. डावखुऱ्या मुलाला डाव्या हातानेच कापू द्या.

पहिल्या दिवशी लाकडाआधी एवढं करून घ्या. प्रत्येकाने चाकू म्यानात ठेवून हात लांबवावा आणि स्वतःभोवती गोल फिरावं. कोणाला स्पर्श झाला नाही तर अंतर बरोबर. चाकू म्यानाबाहेर असताना चालायचं नाही, बोलायला वळायचं नाही. खाली पडणारा चाकू झेलायचा नाही, पडू द्यायचा. पट्टी, कापूस आणि जंतुनाशक टेबलावर उघडं ठेवा, कपाटात नको.

पहिली वस्तू: रोपाच्या आधाराची काठी

नॅसच्या ५० वस्तूंच्या मालिकेची सुरुवात अशाच बारक्या काड्यांनी होत असे. तुकडा १२ मिलिमीटर चौरस, ३२ सेंटिमीटर लांब. त्यातून ३० सेंटिमीटरची, एका टोकाला निमुळती होत गेलेली गोल काठी करायची. शिकायची गोष्ट एकच: रेषा.

आधी एक फालतू तुकडा टोकावर उभा धरा, मधोमध पेन्सिलने रेघ मारा, तिच्यावर पातं ठेवून मोगरीने ठोका. तुकडा रेघेवर फुटत नाही, स्वतःच्या रेषेने फुटतो. दोन्ही भाग मुलांच्या हातात फिरू द्या. मग सांगा की चाकू जाड भागाकडून बारीक भागाकडे चालवायचा, उताराच्या दिशेने. उलट चालवला की पातं रेषांच्या आत घुसतं आणि ढलपी हवी त्यापेक्षा खोल निघते. लाकूड खेचू लागलं, फाटल्याचा आवाज आला, की थांबून तुकडा उलटा धरायचा. हे वाक्य पहिल्या महिन्यात शंभर वेळा बोलायची तयारी ठेवा.

आता आखणी. चौकोनाच्या चारही बाजूंवर दोन्ही कडांपासून साडेतीन मिलिमीटरवर लांब रेघा ओढायच्या, म्हणजे प्रत्येक बाजूवर मध्ये पाच मिलिमीटरची पट्टी उरते. चारही धारा या रेघांपर्यंत कापल्या की काठी अष्टकोनी होते. शिकवणाऱ्याच्या नजरेतून निसटू नये अशी जागा हीच. अष्टकोन नीट होण्याआधी मूल गोल करायला धावतं आणि काठी बटाट्यासारखी होते. आठही बाजू डोळ्याला सारख्या दिसेपर्यंत पुढे जाऊ देऊ नका. मग आठ धारा हलक्या हाताने छाटून सोळा, आणि त्यानंतर काठी बोटांत फिरवत उरलेल्या धारा बोटांनी शोधायच्या. डोळे मिटून. या टप्प्यावर बोट डोळ्यापेक्षा हुशार असतं.

कापण्याचे घाव दोन प्रकारचे. लांब घावात काठीचं खालचं टोक टेबलावर टेकवून, मनगट ताठ ठेवून, खांद्यातून चाकू खाली न्यायचा. बारीक घावात काठी धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून ढकलायचं, म्हणजे चाकू अंगठ्याच्या आवाक्यापलीकडे जाऊच शकत नाही. अंगाकडे ओढून कापायचं नाही. तो घाव पुढच्या वर्षी.

टोक शेवटी. शेवटचे सहा सेंटिमीटर निमुळते करा. आधी टोक केलं तर काम करताना ते मोडतं.

मूल अडलं की काय करायचं? खिशात आपला स्वतःचा तसाच तुकडा ठेवा. अडचण दिसली की मुलाशेजारी उभं राहून त्या तुकड्यावर दोन घाव मारून दाखवा आणि परत खिशात टाका. आपला तुकडा मुलाला द्यायचा नाही, त्याचा घ्यायचा नाही. बोलायचंच असेल तर विचारा: जाड कुठे वाटतंय? रेषा कुठे चालल्यात? उरलेला वेळ हात पाठीमागे. पहिल्या आठवड्यात हे अक्षरशः करावं लागतं, कारण हात आपोआप पुढे येतो.

काचकागद तुम्ही चाकूचं काम पाहून ‘हं’ म्हटल्यावरच मिळेल असा नियम करा. काचकागद आधी हाती आला की मूल चाकू बाजूला ठेवतं.

दुसरी वस्तू: किल्लीचा बिल्ला

तुकडा १० सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद, सहा मिलिमीटर जाड. तयार माप ९ बाय ३. नवीन गोष्टी म्हणजे करवतीचा आडवा काप, भोक आणि गोल कोपरे.

आधी कागदावर चित्र: समोरून आणि बाजूने, खऱ्या मापात, मापं लिहून. नॅसला चित्रावर एवढा भर नव्हता. लार्सनने बॉस्टनमध्ये तो दिला. याबाबत मी बॉस्टनच्या बाजूने आहे. जे कागदावर आखता येत नाही ते करताना मूल दर मिनिटाला विचारायला येतं.

आडव्या रेघेवर आधी चाकूने खाच पाडायची, मग करवत रेघेच्या बाहेरच्या, टाकाऊ बाजूला चालवायची. अंगठ्याच्या नखाशेजारी दोन-तीन वेळा करवत मागे ओढली की वाट तयार होते. मग पूर्ण लांबीचे, सावकाश काप. शेवटचा सेंटिमीटर अगदी हलक्या हाताने, नाहीतर खालची कड चिरफाळते. भोक कोपरे गोल करण्याआधी पाडा, म्हणजे भोक सरकलं तर उरलेल्या लाकडातून सावरायला जागा राहते. खाली फालतू तुकडा ठेवून गिरमिट फिरवा.

तिसरी: सुतळी गुंडाळायची पट्टी

१२ बाय ५ सेंटिमीटर, आठ मिलिमीटर जाड. दोन्ही टोकांना आत वळलेली खोबण. आतल्या वळणात दोन्ही बाजूंनी मधल्या खोल जागेकडे उतरत कापायचं आणि तिथे थांबायचं. तळाशी पोचलेला चाकू पुढे चढवला की तो रेषेविरुद्ध जातो. खोबणीच्या मध्यावर करवतीने एक थांबा काप मारून ठेवला की ढलपी तिथे तुटून पडते. पहिली वस्तू नीट झालेल्या मुलाला ही सोपी जाते. न झालेल्याला पुन्हा काठी द्या. लाजण्यासारखं त्यात काही नाही. नॅसलाही सगळा वर्ग एका वस्तूवर नसे, ज्याचा त्याचा वेग वेगळा असे आणि शिकवणं एकेकाला असे.

त्याच काळात वेगळी शिकवणी जोरात होती, तिची एक बाजू इथे मांडायला हवी. मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयात व्हिक्टर देल्ला-व्हॉस याने १८६८ च्या सुमारास सुतारकामाचे सुटे व्यायाम काढले: एवढे सांधे, एवढ्या खोबणी, झाल्या की फेकून द्या. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकनांनी ते पाहिले आणि कॅल्विन वुडवर्डने सेंट लुइसमध्ये त्याच धर्तीवर शाळा काढली. इंजिनियर घडवायला ती उत्तम. नॅसनेही व्यायाम मोजले होते, ८८ निघाले होते, पण ते सगळे उपयोगाच्या वस्तूंत लपवलेले. दहा वर्षांच्या मुलाला फेकून द्यायचा सांधा करायला सांगा, तो पहिल्यांदा करील. दुसऱ्यांदा विचारेल, ‘कशाला?’

चौथी: फूटपट्टी

इथे रंधा येतो आणि वर्गाचा वेग निम्मा होतो. होऊ द्या. तुकडा ३२ सेंटिमीटर लांब, चार रुंद, आठ मिलिमीटर जाड. तयार पट्टी ३० सेंटिमीटर, साडेतीन रुंद, पाच जाड.

क्रम मोडायचा नाही. पहिली रुंद बाजू सपाट करायची. पोलादी पट्टी उभी आणि तिरकी ठेवून उजेडाकडे बघायचं, खालून उजेड दिसला की तिथे खड्डा. सपाट झाली की तिच्यावर पेन्सिलची खूण. मग एक कड या बाजूला काटकोनात, गुण्या लावत लावत. तिच्यावरही खूण. यापुढची सगळी मापं या दोन खुणांच्या बाजूंवरूनच घ्यायची. रुंदीसाठी मार्किंग गेज खुणेच्या कडेला टेकवून ओढायचा आणि रेघेपर्यंत रंधायचं. मग तसंच जाडीसाठी. टोकं सर्वांत शेवटी, करवतीने.

रंध्याचं पातं कागदाच्या जाडीइतकंच बाहेर काढा. सुरुवातीला दाब पुढच्या हातावर, मध्ये दोन्हींवर, शेवटी मागच्या हातावर. हे न जमल्याने पट्टीची टोकं झिजतात आणि मधे फुगवटा राहतो. सगळ्यांच्या पट्ट्यांना पहिल्यांदा तो असतो. रंधा खाली ठेवताना आडवा ठेवायचा, पातं टेकू द्यायचं नाही.

पट्टी झाल्यावर मूल स्वतः ती पोलादी पट्टीशी मोजतं आणि वहीत लिहितं: रुंदी एका टोकाला किती, दुसऱ्या टोकाला किती. फरक मिलिमीटरमध्ये. गुण देऊ नका. आकडा आहेच.

पाचवी: कुंडीखालची फुली

दोन पट्ट्या, प्रत्येकी २० सेंटिमीटर लांब, तीन रुंद, दोन जाड. दोन्हींत मधोमध अर्ध्या जाडीची खाच पाडून त्या एकमेकींत बसवायच्या, वर-खाली न राहता. पट्ट्या आधी रंधून घ्यायच्या. ते आता येतं. नवीन आहे पटाशी आणि सांधा.

खाचेची रुंदी पट्टीने मोजायची नाही. दुसरी लाकडी पट्टी प्रत्यक्ष तिथे ठेवून तिच्या कडांशी चाकूने खूण करायची. मोजलेल्या मापात चूक राहते, ठेवलेल्या लाकडात राहत नाही. खोली मात्र गेजने: एक सेंटिमीटर, दोन्ही पट्ट्यांवर खुणेच्या बाजूवरून. करवत रेघेच्या आत, टाकाऊ बाजूला. मधे आणखी दोन-तीन काप. मग तुकडा शिकंज्यात आडवा आवळून पटाशीने एका बाजूने अर्ध्यापर्यंत, उलटून दुसऱ्या बाजूने अर्ध्यापर्यंत. एकाच बाजूने आरपार गेलं की पलीकडची कड फुटते. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे, एक मुठीवर आणि एक पात्यावर. लाकूड धरायला शिकंजा आहे, हात नव्हे. पहिल्या तासात याच एका गोष्टीसाठी आवाज चढवायला हरकत नाही.

सांधा हाताने दाबून बसला पाहिजे. मोगरी मारावी लागली तर घट्ट आहे, एका बाजूने केसभर छाटा. आपणहून निसटला तर सैल आहे, आणि सैल सांध्यावर इलाज नाही. भुसा-फेविकॉलचं लिंपण सगळ्या मुलांना कुठूनतरी माहीत असतं. ते करू देऊ नका, एक पट्टी नवी करायला द्या.

नेमका इथे शिकवणाऱ्याचा हात सर्वांत जास्त शिवशिवतो, म्हणून वर्धा इथेच आठवतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने उद्योगाभोवती शिक्षण रचलं. त्या उद्योगांत सुतारकामही होतं. हातांतून शिकण्याची कल्पना स्लॉइडच्या जवळची. पण गांधीजींची अपेक्षा होती की मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा. सालोमनला असा कुठलाही आर्थिक हेतू नको होता. त्याच्याकडे वस्तू मुलाच्या मालकीची असे आणि घरी जाई. गांधीजींच्या बाजूला देशाची गरिबी होती आणि ती खरी होती. तरी शाळेच्या वर्गापुरता मी सालोमनबरोबर जाईन. वस्तू विकायची ठरली की ती विकण्याजोगी करायला मोठ्यांचा हात आत येतोच.

सहावी: कालथा

तुकडा ३० बाय ७ सेंटिमीटर, जाडी दीड ते दोन. शिवण किंवा आंबा. आता मापं फक्त बाह्य. आकार मुलाचा.

सरळ, काटकोनातल्या वस्तू गुण्याने तपासता येतात. वळणदार वस्तू हाताने आणि नजरेने तपासाव्या लागतात, म्हणून नॅसच्या मालिकेत कुऱ्हाडीचा दांडा, चमचा अशा वस्तू मुद्दाम पेरलेल्या होत्या. घरातला कालथा कसा आहे, आजी तो कुठे धरते, पसरट भाग कढईच्या बुडाला टेकतो का, हे मुलाने आधी घरी पाहून यायचं. डावखुऱ्या स्वयंपाक्याचा कालथा दुसऱ्या बाजूला झिजलेला असतो, हेही एखादं मूल पाहून येतं.

पुठ्ठ्यावर अर्धा आकार काढून कापायचा. तो मधल्या रेघेवर एकदा एका बाजूला आणि मग उलटून दुसऱ्या बाजूला आखला की दोन्ही बाजू सारख्या येतात. बाहेरचं फालतू लाकूड करवतीच्या आडव्या कापांनी आणि चाकूने उडवायचं. मान आणि पसरट भाग जिथे भेटतात तिथे सुतळीच्या पट्टीतला नियम पुन्हा: दोन्हीकडून खोल जागेकडे. मुठीला काठीचा नियम: चौकोन, अष्टकोन, गोल. पसरट भागाची पुढची कड दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पातळ करायची, त्याहून पातळ केली तर ती कढईत तुटते. मरफा फक्त मानेच्या वळणात, मग कानस, मग चाकूचा खरवडता हात, मग काचकागद. काचकागद रेषांच्या दिशेनेच.

झालेला कालथा पाण्यात बुडवून वाळवायचा. दबलेले तंतू ताठ उभे राहतात, पृष्ठभाग खरखरीत होतो. बारीक काचकागदाने ते काढून पुन्हा एकदा पाणी दाखवायचं. वाळल्यावर खोबरेल तेल चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी फडक्याने पुसायचं. पॉलिश, वॉर्निश नको, स्वयंपाकाची वस्तू आहे. मुठीच्या टोकाला किल्लीच्या बिल्ल्यासारखं भोक पाडून दोरी ओवायची.

घरी नेण्याआधी प्रत्येकाने आपल्या सहाही वस्तू टेबलावर ओळीने मांडायच्या आणि वहीतले आकडे शेजारी ठेवायचे. शिकवणाऱ्याने त्या हातात घ्यायला आता हरकत नाही. पुढच्या सत्रात पहिलीच वस्तू कुऱ्हाडीचा दांडा धरा. त्यासाठी बाभळीचं किंवा धावड्याचं लाकूड आताच आणून सावलीत, आडवं, खाली पट्ट्या घालून रचून ठेवा. ते वाळायला वेळ लागतो.